अनुदान, रस्ता आणि ग्रामीण कथन : पंजाब आणि महाराष्ट्र यांच्या संदर्भात

ग्रामीण साहित्याच्या अभ्यासात रस्ता हे एक परिचित प्रतीक आहे. गावात आलेली पहिली मोटार, पावसाळ्यात तुटणारा संपर्क, शहराकडे निघालेला तरुण, निवडणुकीपूर्वी पडलेली खडी या सर्व प्रसंगांचे विवेचन भारतीय भाषांतील समीक्षेने कमीअधिक प्रमाणात केले आहे. परंतु हा रस्ता कोणाच्या पैशातून होतो, तो पैसा कोणत्या नावाने येतो आणि येताना कोणत्या अटी सोबत आणतो, हा प्रश्न समीक्षेने बहुधा अर्थशास्त्राकडे सोपवलेला दिसतो. त्याचा परिणाम असा होतो, की कादंबरीतील सरपंच, कंत्राटदार आणि ओव्हरसियर यांच्या व्यवहाराचे स्पष्टीकरण व्यक्तींच्या नीतिभ्रष्टतेत शोधले जाते आणि ज्या व्यवस्थेमुळे तो व्यवहार शक्य होतो ती व्यवस्था वाचकाच्या नजरेबाहेर राहते. प्रस्तुत लेखात या व्यवस्थेचा परिचय करून द्यावयाचा आहे. त्यासाठी चंदीगडहून चालणारा पंजाबचा कारभार आणि महाराष्ट्राचा अनुभव ही दोन उदाहरणे समोर ठेवली आहेत.

प्रारंभ शब्दापासून करणे सोयीचे ठरेल. ‘अनुदान’ हा मराठीत प्रशासनाने रूढ केलेला संस्कृत शब्द आहे. दानाचा अर्थ त्याच्या पोटात राहिलेलाच आहे. इनाम, वर्षासन, देणगी या जुन्या शब्दांत देणारा आणि घेणारा यांच्यातील पायरी स्पष्ट असे. अनुदानात ती अस्पष्ट झाली, पण नाहीशी झाली नाही. मराठी राजकीय भाषेत पुढारी निधी ‘खेचून आणतो’, कामे ‘मंजूर करून आणतो’. क्रियापदांतून सूचित होणारा अर्थ असा, की पैसा कुठेतरी दूर, अनिच्छेने बसलेला आहे आणि पराक्रम केल्याखेरीज तो हलत नाही. पंजाबीत याच प्रसंगी ‘ग्रांटां दे गफ्फे’ असा शब्दप्रयोग वृत्तपत्रांतून नेहमी येतो. गफ्फा म्हणजे ओंजळभर वाढलेला वाटा. गुरुद्वाऱ्यात मिळणाऱ्या कडाहप्रसादाच्या संदर्भात हा शब्द पंजाबी कानाला ओळखीचा आहे. एका भाषेत ओढाताणीची प्रतिमा, तर दुसरीत प्रसादाची. दोन्हींत करदात्याचा हक्क मात्र कुठेच दिसत नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हा हक्क कसा लोपला याचा इतिहास महाराष्ट्रात तरी बराच मागे नेता येतो. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात जमीनमहसुलाच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ म्हणून वसूल होऊ लागला आणि १८६९च्या कायद्याने त्याला पक्के रूप आले. या पैशाचा मोठा हिस्सा रस्त्यांसाठी आणि उरलेला शाळांसाठी अशी विभागणी होती. म्हणजे ग्रामीण रस्त्याचा पहिला आधुनिक निधी शेतकऱ्याच्याच खिशातून गोळा झाला होता. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये सिद्ध केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्यांवरील करांची आणि फंडांची जी झाडाझडती घेतली आहे, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. फुले स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत असत आणि कात्रजच्या बोगद्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडले जाते. तेव्हा त्यांच्या लेखनातील संतापामागे धर्मचिकित्सकाच्या जोडीला सरकारी बांधकामाचा व्यवहार आतून पाहिलेला माणूसही आहे. मराठी समीक्षेने फुल्यांच्या शैलीतील हिशेबी अंगाची जितकी दखल घ्यावयास हवी होती तितकी घेतलेली नाही.

रस्त्यासाठी अखिल भारतीय निधी ही कल्पना ज्या समितीतून पुढे आली तिचे अध्यक्षही मराठी होते. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ मध्ये नेमलेल्या समितीने १९२८ मध्ये अहवाल दिला, आणि १९२९ मध्ये पेट्रोलवरील जादा करातून केंद्रीय रस्ते निधी निर्माण झाला. पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसून ग्रामीण कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्या किती संशोधकांना हा संबंध ठाऊक असेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. महत्त्वाचे हे, की या निधीचे प्रांतांना होणारे वाटप मुख्यतः पेट्रोलच्या खपाच्या प्रमाणात होते. जिथे मोटारी अधिक तिथे पैसा अधिक. बैलगाडीच्या वाटेला या सूत्रात जागाच नव्हती. पुढे डिसेंबर १९४३ मध्ये नागपुरात भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने वीस वर्षांची योजना आखली. राष्ट्रीय मार्ग, प्रांतिक मार्ग, प्रमुख जिल्हा रस्ते, इतर जिल्हा रस्ते आणि ग्रामरस्ते ही पाच पायऱ्यांची उतरंड तेथून आली. विकसित शेतीच्या प्रदेशातील कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे उद्दिष्टही तेथे ठरले. आजही महाराष्ट्रात रस्त्याची कुळी या उतरंडीवरून सांगितली जाते. ‘ग्रामरस्ता’ या नावाखाली नोंद झाली की डागडुजीचा वाली बदलतो.

नागपूरच्या उतरंडीनंतर दहा वर्षांच्या आत चंदीगडची आखणी करताना ल कार्बुझिए यांनी रस्त्यांची वेगळी उतरंड मांडली. सात ‘व्ही’. पहिला प्रकार शहराला इतर शहरांशी जोडणारा, सातवा पादचाऱ्यांचा. गती आणि वाहन यांच्या आधारे केलेली ही रचना गाव या घटकाचा विचार करीत नाही. तशी अपेक्षाही नव्हती. तरीही ज्या इमारतीतून पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या हजारो गावांच्या रस्त्यांची मंजुरी निघते, तो सचिवालयाचा प्रदीर्घ काँक्रीट प्रासाद याच शहरात आहे. चंदीगड या केंद्रशासित प्रदेशात उरलेल्या तेरा गावांचा कारभार २०१९ पासून महानगरपालिकेकडे गेला, तेव्हापासून तेथे एकही ग्रामपंचायत नाही. ग्रामरस्त्याचा निर्णय करणाऱ्या नगरीस स्वतःचा ग्रामरस्ता नाही.

पंजाबची पद्धत महाराष्ट्राहून मुळातच निराळी आहे. तेथे ‘लिंक रोड’ हा शब्द खेड्यातील म्हाताऱ्या माणसाच्या तोंडीही सहज येतो आणि तो रस्ता बहुतांशी बाजार समित्यांच्या यंत्रणेने, म्हणजे पंजाब मंडी बोर्डाने, बांधलेला आणि सांभाळलेला असतो. १९६१च्या बाजार कायद्यान्वये मंडीत विकल्या जाणाऱ्या धान्यावर शुल्क आकारले जाते. १९८७च्या ग्रामविकास कायद्याने त्यावर आणखी एक ग्रामविकास शुल्क आले. गहू आणि भात यांवर ही दोन्ही शुल्के प्रत्येकी तीन टक्के राहिली आहेत. हमीभावाने होणाऱ्या सरकारी खरेदीत हा भार शेतकऱ्याच्या रकमेतून कापला जात नाही, तो खरेदीदार यंत्रणेवर, अंतिमतः केंद्राच्या अन्नधान्य खरेदीच्या खर्चावर पडतो. शेतातून मंडीपर्यंत धान्य नेणारा रस्ता त्याच धान्यावरील शुल्कातून व्हावा, अशी ही साखळी आहे. सुमारे पासष्ट हजार किलोमीटर लिंक रोडांचे पंजाबातील जाळे या साखळीवर उभे आहे.

या जाळ्याचा वेगाने विस्तार झाला तो काळ साहित्याच्या अभ्यासकांना विशेष महत्त्वाचा वाटावा. नोव्हेंबर १९६७ ते ऑगस्ट १९६८ असे अवघे नऊ महिने टिकलेले लछमन सिंग गिल यांचे सरकार पंजाबात दोन गोष्टींसाठी स्मरणात आहे. एक लिंक रोडांची मोहीम आणि दुसरी पंजाबीला राज्यभाषेचा दर्जा देणारा १९६७चा कायदा. राज्याची सीमा १९६६ मध्ये भाषेच्या आधारे आखली गेली होती. तिच्या आत भाषा आणि रस्ता यांची एकाच सरकारकडून, एकाच श्वासात पायाभरणी झाली. याच काळात चंदीगडचे मुख्य आयुक्त असलेले आणि नंतर लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचे कुलगुरू झालेले मोहिंदर सिंग रंधावा यांनी पंजाबी लोकगीतांच्या संकलनाचेही मोठे काम केले. फाळणीनंतरच्या पुनर्वसनात निर्वासितांना जमिनी वाटणारा अधिकारी, नव्या राजधानीच्या बागांचा योजक आणि लोकगीतांचा संग्राहक या भूमिका एकाच माणसात एकत्र आल्या. महाराष्ट्रात अशी जोडी सहसा दिसत नाही. येथे लोकसाहित्याचा संग्राहक आणि बांधकाम खाते यांच्या वाटा वेगळ्या राहिल्या.

महाराष्ट्रातील ग्रामीण रस्त्याचा दुसरा मोठा उगम दुष्काळात आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग सुरू केला. १९७२-७३च्या दुष्काळात त्याला राज्यव्यापी रूप आले, आणि १९७७च्या कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून झाली. त्यासाठी लागणारा पैसा उभा करताना शहरी नोकरदारांवरील व्यवसाय कराचा आधार घेतला गेला. पंजाबात धान्यावरील शुल्कातून रस्ता झाला, तर महाराष्ट्रात मुंबई-पुण्याच्या पगारातून कापलेल्या रकमेवर मराठवाड्यातील बाई खडी फोडू लागली. या योजनेत काम हा हेतू होता, रस्ता हे निमित्त. मजुरीचा वाटा सामग्रीपेक्षा अधिक राखण्याच्या बंधनामुळे मातीकाम आणि मुरूम यांच्यापुढे अनेक रस्ते सरकले नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्यांचे पुन्हा पाऊलवाटेत रूपांतर झाले. ‘मस्टर’, ‘मुकादम’, ‘हजेरी’, ‘खडी’, ‘ब्रास’ हे शब्द त्या काळात मराठी ग्रामीण आणि दलित लेखनात ज्या सहजतेने आले, त्याचे मूळ येथे आहे. दया पवार यांनी धरणावर राबणाऱ्या स्त्रीच्या तोंडी घातलेले गीत सभा-संमेलनांतून गायिले गेले. बांधकाम ज्याच्या श्रमातून होते त्याला त्याचा उपभोग नाही, हा त्याचा आशय रोजगार हमीच्या रस्त्यांनाही लागू पडतो. मजुरी मिळाली, रस्ता मिळाला नाही, असेही म्हणता येईल. पण ती मजुरी मिळाली म्हणून माणसे जगली, हेही तितकेच खरे आहे. या योजनेवर केवळ उपहासाने लिहिणाऱ्यांनी त्याचे भान ठेवलेले नाही.

आता अनुदानाची प्रत्यक्ष वाटचाल पाहू. ग्रामसभेचा किंवा लोकप्रतिनिधीचा प्रस्ताव, कनिष्ठ अभियंत्याचे दरसूचीप्रमाणे केलेले अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकातील नोंद, बिल, पूर्णत्वाचा दाखला आणि अखेरीस उपयोगिता प्रमाणपत्र अशी ही यात्रा आहे. हिच्यातील प्रत्येक टप्प्यावर रस्ता प्रथम कागदावर होतो आणि मग, झालाच तर, जमिनीवर. मोजमाप पुस्तकाला, ज्याला सर्वजण ‘एम. बी.’ म्हणतात, येथे मध्यवर्ती स्थान आहे. त्याची पाने क्रमांकित असतात, पान फाडता येत नाही, खाडाखोड चालत नाही, दुरुस्ती केल्यास सही करावी लागते. लांबी, रुंदी, जाडी आणि परिमाण या चार रकान्यांत रस्त्याचे अस्तित्व सिद्ध होते. काळजीपूर्वक पाहिल्यास हे वास्तववादी कथनाचेच एक टोकाचे रूप आहे. साक्षीदाराने पाहिलेले, मोजलेले, सहीनिशी नोंदलेले वास्तव. खोटी एम. बी. लिहिणारा माणूस म्हणूनच एक प्रकारे कादंबरीकार असतो. तपशिलांच्या विश्वासार्हतेवर तोही जगतो.

या टप्प्यांचे भान ठेवले तर ‘कागदावरचे बांधकाम’ हे कथासूत्र इतक्या भाषांत का आढळते याचा उलगडा होतो. मकरंद अनासपुरे यांच्या ‘जाऊ तिथे खाऊ’ (२००७) या मराठी चित्रपटात मंजूर झालेली, बिल निघालेली, परंतु कधीच न खोदलेली विहीर चोरीस गेल्याची तक्रार शेतकरी करतो. श्याम बेनेगल यांच्या ‘वेल डन अब्बा’ (२०१०) या हिंदी चित्रपटाच्या श्रेयनामावलीत जीलानी बानो यांची विहिरीवरील उर्दू कथा आणि संजीव यांची ‘फुलवा का पुल’ ही हिंदी कथा यांचा निर्देश आहे. यांतील विनोद एकाच तर्कावर उभा आहे. कागदपत्रे पूर्ण असतील तर वस्तू अस्तित्वात आहेच. मग ती दिसत नसेल तर ती चोरीला गेली असली पाहिजे. शेतकरी येथे व्यवस्थेला खोटे ठरवीत नाही, तिला अक्षरशः खरे मानतो. म्हणून या कथांना भ्रष्टाचारावरील कथा म्हणणे अपुरे आहे. उपयोगिता प्रमाणपत्र या लेखनप्रकाराचे ते विडंबन आहे.

श्रीलाल शुक्ल यांच्या ‘राग दरबारी’ (१९६८) या कादंबरीचा आरंभ रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकने होतो आणि त्याच ट्रकमधून संशोधक विद्यार्थी रंगनाथ शिवपालगंजला पोहोचतो. लेखक उत्तर प्रदेशच्या प्रशासकीय सेवेत होते. अनुदान, चौकशी आणि अहवाल यांची भाषा त्यांना बाहेरून शिकावी लागली नव्हती. त्याउलट व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) अनुदान नाहीच. औंध संस्थानातील धनगरांच्या वाडीत तरुण मास्तर गावकऱ्यांच्या श्रमातून तालीम उभी करतो आणि उद्घाटनाला राजेसाहेब येतात. राज्यकर्ता येथे वास्तू पूर्ण झाल्यावर, पाहुणा म्हणून येतो. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. १९३९च्या राज्यघटनेने गावांना स्वराज्य देऊ पाहणाऱ्या संस्थानातच तो कल्पनीय होता. ‘बनगरवाडी’ आणि ‘राग दरबारी’ यांच्यामधील तेरा वर्षांत सामुदायिक विकास योजना, गटविकास अधिकारी आणि पंचायत राज या संस्था गावात आल्या. दोन कादंबऱ्यांच्या सुरांतील अंतर केवळ लेखकांच्या वृत्तींचे नाही.

पंजाबी कथनसाहित्यात ‘कागदावरचा रस्ता’ हे सूत्र तुलनेने दुबळे दिसते. कारण उघड आहे. रस्ता खरोखरच लवकर झाला होता. तेथे रस्त्याचा अभाव कथेचा विषय होत नाही, रस्त्यावरून काय जाते हा होतो. ट्रॅक्टर, आडत्याचे कर्ज, शहराकडे ढकलला जाणारा भूमिहीन. गुरदयाल सिंग यांच्या ‘अन्हे घोडे दा दान’ (१९७६) या कादंबरीतील कुटुंब गाव आणि शहर यांच्यामध्ये विभागलेले आहे. दोहोंना जोडणारी वाट त्यांच्यासाठी विकासाची खूण ठरत नाही.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने २५ डिसेंबर २००० पासून देशभर एकच मापदंड आणला. सपाट प्रदेशात पाचशे आणि डोंगरी, वाळवंटी, आदिवासी भागांत अडीचशे लोकसंख्येची, रस्त्याविना असलेली वस्ती हा तिचा घटक होता. पैसा प्रथम मुख्यतः डिझेलवरील उपकरातून, पूर्णतः केंद्राचा आला. २०१५-१६ पासून बहुतेक राज्यांना चाळीस टक्के भार उचलावा लागतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मान्य झालेल्या चौथ्या टप्प्यात २५ हजार वस्त्यांसाठी ६२,५०० किलोमीटर रस्ते आणि ७०,१२५ कोटी रुपये असे उद्दिष्ट आहे. रस्ता हा राज्यघटनेनुसार राज्यसूचीतील विषय असल्याने हा सर्व व्यवहार अनुदानाच्या मार्गाने होतो. ज्याने आधीच रस्ते बांधले त्या पंजाबच्या वाट्याला न जोडलेल्या वस्त्या फारशा आल्या नाहीत. जाळे जुने झाले, त्याच्या दुरुस्तीचा भार मात्र स्वतःच्या शुल्कावर राहिला. आणि तेच शुल्क २०२० पासून वादात सापडले. निधीचा विनियोग मंडीशी निगडित कामांपुरता होतो काय, असा प्रश्न केंद्राने उपस्थित केला. या निधीतून मध्यंतरी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीलाही पैसा दिला गेला होता, त्यामुळे हा प्रश्न निराधार म्हणता येत नाही. पंजाबने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून विनियोगाची व्याप्ती आखून घेतली, तरी रक्कम अडकली. २०२३ मध्ये राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. पंजाबच्या म्हणण्याप्रमाणे थकबाकी काही हजार कोटींची आहे. या वादाचा गाभा एका शब्दाभोवती फिरतो. ही रक्कम राज्याच्या कायद्याने ठरलेले देणे आहे, की अटी पाळल्यास मिळणारी प्रतिपूर्ती? लोकल फंडाच्या वेळी फुल्यांनी ज्या वृत्तीने हिशेब मागितला होता, त्या वृत्तीने पाहिले तर आणखी एक प्रश्न उरतो. दोन्ही सरकारांच्या कागदांत मंडीपर्यंत ट्रॉली नेणारा शेतकरी वादी किंवा प्रतिवादी म्हणून कुठेच नाही.

राहता राहिला ‘वस्ती’ हा शब्द. केंद्रीय योजनेच्या नियमांप्रमाणे बारमाही रस्त्यापासून सपाटीवर पाचशे मीटरच्या आत असलेली वस्ती ‘जोडलेली’ समजली जाते. पंजाबातील दलितांचा ‘वेहडा’ किंवा महाराष्ट्रातील गावकुसाबाहेरची घरे बहुधा या अंतराच्या आतच असतात. त्यामुळे आकडेवारीत ती जोडलेली असतात, मग त्या अखेरच्या तीन-चारशे मीटरांत चिखल असो वा नसो. बलबीर माधोपुरी यांच्या ‘छांग्या रुख’ (२००२) या आत्मकथनाचा किंवा ‘बलुतं’सारख्या मराठी पुस्तकाचा अनुवाद करणाऱ्यास हे अंतर शब्दांत पकडावे लागते. ‘वेहडा’ला मराठीत ‘वस्ती’ म्हटले तर सरकारी घटक सूचित होतो, ‘वाडा’ म्हटले तर जातिवाचक नाव जोडावे लागते. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हापासून फलकांवर समतानगर, भीमनगर अशी नावे आली आहेत. त्या अखेरच्या तुकड्याचे काँक्रीट ग्राम सडक योजनेतून येत नाही. ते दलित वस्ती सुधार योजनेतून, किंवा ‘२५१५’ या लेखाशीर्षातून येते. ग्रामीण महाराष्ट्रात हा चार आकडी क्रमांक लोकांच्या तोंडी योजनेचे नाव म्हणूनच रुळला आहे. गावाचा डांबरी रस्ता जिथे संपतो आणि वस्तीतील काँक्रीट जिथे सुरू होते, तिथे पुष्कळदा दोन वेगळे फलक उभे असतात. दोन लेखाशीर्षे, दोन ठेकेदार, दोन उद्घाटक, आणि मध्ये हातभर न भरलेली माती.